रुमाल, दस्ती आणि अब्रू

माढ्याच्या पेठेत एका कापडाच्या दुकानात मी रुमाल मागितला. दुकानदाराने फळीवरून गजभर लांब-रुंद, तांबड्या काठाचे एक कापड काढून समोर टाकले. "डोक्याला बांधायचाय का खांद्यावर टाकायचाय, पाव्हणं?" खिशात ठेवायला हवा आहे, असे मी सांगितले तेव्हा तो हसला. "मग दस्ती म्हणा की!"

माढ्याच्या विठ्ठलमूर्तीमुळे या गावाचे नाव अभ्यासकांना ठाऊक आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये या मूर्तीविषयी जे मत मांडले, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मीही त्याच मूर्तीच्या दर्शनाला गेलो होतो. परत आलो तो मात्र दस्तीचा शब्द घेऊन.

'रुमाल' फारसी आहे हे बहुतेकांना माहीत असते. 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा, चोळणारा. 'मालीदन' या क्रियापदातून तो 'माल' आला आणि आपली 'मालिश'ही त्याच घरची. म्हणजे रुमाल आणि मालिश ही भावंडे. 'रू'ची सोयरीक तर आणखी जवळची आहे. फारसीत 'आब-ए-रू' म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, तेज. तिथून 'आबरू' आणि मराठीत 'अब्रू'. तोंड पुसायचे फडके आणि माणसाची लाज हे दोन शब्द एकाच 'रू'वर उभे आहेत, हे माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश चाळताना माझ्या लक्षात आले. तोवर रुमालातला 'रू' हा हिंदीतल्या 'रुई'चा, म्हणजे कापसाचा असावा, अशी माझी भाबडी समजूत होती.

'दस्ती'चे तसेच. 'दस्त' म्हणजे हात, दस्ती म्हणजे हातातली. फारसीत हातरुमालाला 'दस्तमाल' म्हणतात. माढ्यापासून परांडा, लातूर, नांदेड करत तेलंगणापर्यंत जा, खिशातला चौकोनी तुकडा दस्तीच असतो आणि रुमाल हा डोक्याचा किंवा खांद्याचा. माढ्यातला किल्ला निजामाचे सरदार रावरंभा निंबाळकर यांच्या नावाने ओळखला जातो. निजामी मुलखाशी या भागाचे जे जुने येणेजाणे, त्याची एवढी खूण दुकानाच्या फळीवर उरली आहे.

आता पुण्या-मुंबईकडे या. तिथे खिशातल्या तुकड्याला 'हातरुमाल' म्हणतात. शब्द जरा उकलून पाहा : हाताचे तोंड-पुसणे! असा विचित्र जोड का लागला असेल? नुसता 'रुमाल' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मोठे कापड येत होते म्हणून. लहानाला वेगळे काढण्यासाठी 'हात' जोडावा लागला. माढ्याच्या दुकानदाराने जो अर्थ सांभाळला आहे तो खेडवळ अपभ्रंश नाही, तो मराठीतला जुना अर्थ आहे आणि 'हातरुमाल' हा शहरी शब्दच त्याची साक्ष देतो. इंग्रजी अमदानीतल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांतही पुरुषांच्या पोशाखात डोक्याला बांधायचे वस्त्र म्हणून 'रुमाल' येतो. पगडी पगडबंदाकडून बांधून आणायची, पागोट्याला कापड फार लागायचे. रुमाल माणूस स्वतः, आरशातही न बघता बांधी.

तोंड पुसण्याचा अर्थ इतका सहज कसा सुटला? हिमाचलातला चंब्याचा रुमाल म्हणजे भरतकाम केलेले आच्छादन. काश्मिरी शालींच्या व्यापारात चौरस शालीला रुमाल म्हणत. आंध्रातल्या चिराळ्याचा आणि तेलंगणातल्या पुट्टपाकाचा तेलिया रुमाल तेलात मुरवलेल्या सुताचा, आणि तो समुद्रापार अरबांच्या डोक्यावर गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मालात 'रोमाल' असत. यातल्या कशानेही कोणी तोंड पुसत नव्हते. सगळ्यांत समान काय, तर चौकोन. शब्द कामाचा होता, तो आकाराचा झाला. तेलिया विणणारे पद्मशाली आणि सोलापुरात माग चालवणारे पद्मशाली एकाच समाजाचे, हे जाता जाता सांगायला हवे. सोलापूरच्या चादरीइतकाच तिथला टॉवेलही भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे आणि इकडच्या लग्नांत आहेराला 'टावेल-टोपी' देतात. रुमालाचा मान टॉवेलने घेतला.

ठगांच्या रुमालाविषयी इथे लिहायला हवे, नाहीतर वाचक विचारतील. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' १८३९ साली लिहिणारा मेडोज टेलर पुढे जवळच्याच नळदुर्गला अधिकारी होता. पण ती एक गोष्ट सोडली तर त्या रुमालाने मराठी अर्थात काही भर घातली नाही.

भर घातली ती कचेरीने.

कागद एकावर एक ठेवायचे, खाली-वर पुठ्ठा किंवा फळी द्यायची, चौरस कापडाची चार टोके आणून गाठ मारायची. त्या कापडाला रुमाल म्हणत, मग गठ्ठ्यालाच रुमाल म्हणू लागले. पोथीला 'बासन' असते आणि हिशेबाला रुमाल. दोन्ही कापडेच, पण एक देवघरातले संस्कृत वळणाचे आणि दुसरे फडावरचे. 'दप्तर'ही असेच फिरून आले. मूळ ग्रीक शब्द कातड्याचा, तो फारसीत वहीचा झाला, मराठीत कचेरीचा आणि शेवटी शाळकरी पोरांच्या पाठीवरचा. राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांच्या तीन कागदांतले शब्द मोजले, तेव्हा मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा १४.४ वरून ६२.७ आणि पुढे ९३.७ वर गेलेले दिसले. वाक्यातून फारसी एवढी ओसरली, तरी ते वाक्य ज्या कापडात बांधून ठेवत त्याचे नाव फारसीच राहिले.

पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद आजही रुमालांनी मोजतात. सरदेसायांनी १९३० ते १९३४ दरम्यान त्यातून निवडून ४५ खंड छापले. 'शाहू दप्तर, रुमाल क्रमांक अमुक' अशी तळटीप देशी-परदेशी अभ्यासकांच्या ग्रंथांत दिसते. तोंड पुसायचे फडके इतिहासाचे माप झाले. गावोगावचे रुमाल मात्र कुलकर्ण्यांच्या वाड्यातच असत. १९५१ साली कुलकर्णी वतने गेली. पुढे दप्तर तलाठ्याकडे आले, काही तालुक्याला गेले, काही माळ्यावरच राहून वाळवीने खाल्ले.

हे सगळे जुन्या कागदांच्या शौकिनांपुरते होते. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा चित्र बदलले. मराठवाड्यापासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत कचेऱ्यांतले रुमाल सुटू लागले. मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. मला थोडी मोडी येते, म्हणून त्या हिवाळ्यात माढा तालुक्यातले दोघे-तिघे झेरॉक्स घेऊन आले. त्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या डोक्याला रुमाल होता. कागद वाचून होईपर्यंत त्याने तो काढून मांडीवर ठेवला होता आणि टोकांची गाठ घालत-सोडत होता. पणज्याचे नाव होते, गावही बरोबर होते. त्यापुढच्या रकान्यावर झेरॉक्सची काळी पट्टी आली होती. "मूळ कागद कुठं असंल?" त्याने विचारले. मी म्हणालो, "रुमालात." तो मांडीकडे बघायला लागला. मला समजावून सांगावे लागले.

कापडाखालचा व्यवहार अजून एक आहे. जनावरांच्या बाजारात हेडे रुमालाखाली हात घालून बोटे दाबत आणि बैलाची किंमत भोवतीच्या गर्दीला कळू न देता ठरे. याला हत्ता म्हणतात. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलाव सक्तीचा केला, तेव्हा हा रुमाल शेतकऱ्याच्या विरुद्ध वापरला जातो हेच कारण होते. शेजारच्या बैलाला काय मिळाले हे ज्याला कळत नाही, तो आपला बैल कशाच्या भरवशावर अडवून धरणार?

कुर्डुवाडीच्या एसटीत बसायचे म्हणून त्या दिवशी मी माढ्याच्या स्थानकावर उभा होतो. गाडी फलाटाला लागण्याआधीच खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, एक टोपी आत पडली. मीही नवी घेतलेली दस्ती टाकली. आत शिरलो तर माझ्या जागेवर एक बाई बसलेल्या. मी म्हटले, "मावशी, माझा रुमाल आहे इथे." त्यांनी खाली पाहिले, दस्ती उचलली, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"रुमाल कुठाय? ही दस्ती हाय," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे सरकून मला निम्मी जागा करून दिली.