उधळपट्टी, वैवाहिक मालमत्तेची

संसार मोडण्याच्या बेतात असताना पतीने किंवा पत्नीने सामाईक पैसा केवळ स्वतःसाठी, संसाराशी संबंध नसलेल्या कामी उडवणे. जुगार, विवाहबाह्य संबंधांवरचा खर्च, नातेवाइकाच्या नावे कवडीमोलाने केलेली विक्री ही नेहमीची उदाहरणे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ओनील खटल्यात हीच कसोटी घालून दिली.

उपाय हिशेबाचा आहे. शिल्लक ६० लाख आणि पतीने उडवलेले २० लाख असतील, तर वाटणी ८० लाखांची धरतात. निम्मा वाटा ठरल्यास पत्नीला ४० लाख मिळतात. पतीच्या हाती २० लाखच येतात, कारण उरलेले त्याने आधीच संपवलेले असतात.

खरा वाद तोटा आणि उधळपट्टी यांच्या सीमेवर होतो. धंदा बुडाला तर तो दोघांचा बुडाला. ऑस्ट्रेलियात १९८१ च्या कोवालिव निकालाने हे तत्त्व मांडले आणि जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलेले नुकसान त्यातून वगळले. २०२५ पासून तिथल्या कायद्यातच तशी तरतूद आहे. इंग्लंडची न्यायालये अधिक हात राखून वागतात. २०१५ च्या एका निकालात अमली पदार्थांवर आणि वेश्यागमनावर पतीने उडवलेली रक्कमही हिशेबात परत धरली गेली नाही. ज्या स्वभावाने कमावले त्याच स्वभावाने गमावले, असा त्यामागचा विचार. काटकसरीने घर चालवणाऱ्या जोडीदारावर हा अन्यायच आहे. इलिनॉयमध्ये आरोप झाला की पैसा कुठे गेला हे खर्च करणाऱ्याला दाखवावे लागते, ‘घरखर्चाला गेला’ एवढे मोघम उत्तर चालत नाही. ही रीत अधिक न्याय्य, कारण कागद त्याच्याच हाती असतात.

भारतात गोव्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर पतिपत्नीची मालमत्ता कायद्याने सामाईक होत नाही. गोव्यात, विवाहपूर्व करार नसेल तर, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या पद्धतीप्रमाणे दोघांचा निम्मा वाटा असतो आणि स्थावर विकायला दोघांची संमती लागते. इतरत्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मालमत्तेची विल्हेवाट लावणे हा आर्थिक छळ ठरू शकतो आणि दंडाधिकारी विक्री रोखू शकतात. स्त्रीधन पत्नीचेच राहते. पोटगीच्या दाव्यात २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. पैसा कुठे गेला हे विचारण्याची वाट पत्नीला मुख्यतः तिथेच मिळते.