भाऊ रंगारी यांची गणेशमूर्ति

पुण्यांतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ १८९२ सालचा कीं १८९३ सालचा, हा वाद २०१७ सालीं, १२५ वें वर्ष साजरें होत असतां, पुन्हां उफाळला. वादांत छापील मजकुराचा आधार पुष्कळ घेतला गेला. आम्हांस मूर्तीविषयीं थोडें लिहावयाचें आहे.

'पार्थिव' म्हणजे मातीची. विसर्जन हाच तिच्या विधीचा शेवट; म्हणून उत्सवांतील कारागिराची कृति दरसाल पाण्यांत जाते व संशोधकाच्या हातीं कांहीं उरत नाहीं. शालूकर बोळांतील वैद्य भाऊ लक्ष्मण जावळे ऊर्फ भाऊसाहेब रंगारी यांची मूर्ति मातीची नव्हे, म्हणूनच ती आजही पहावयास मिळते. हा गणेश राक्षसाचा वध करीत आहे. प्रसन्न बसलेला गजानन सोडून हा आवेश कां? आमच्या मतें ही मूर्ति देवघरासाठीं नव्हे, रस्त्यावरच्या जमावासाठीं घडविली आहे. १८९४ पासून तोच जमाव मेळे करून गाऊं लागला, आणि पाहणारा उत्सवाचा कर्ता झाला. मेळ्यांचीं पद्यें छापलीं गेलीं, तीं वाचतां येतात. मखर उभारणारे सुतार, आरास रंगविणारे चितारी यांचें कोणीं छापावें?

त्यांचीं नांवें सांपडलींच तर वर्गणीच्या वह्यांत, मजुरीच्या चिठ्ठ्यांत सांपडतील. पोथ्या जमवितांना अशा कागदांस आम्हीं हातही लावला नाहीं. एक सबंध रुमाल आमच्या डोळ्यांदेखत रद्दींत गेला. ज्यांच्या माळ्यावर असे कागद असतील त्यांनीं ते झाडून, उन्हांत घालून, निदान नक्कल तरी करून ठेवावी.