मुक्कामी गाडीची कुळकथा

शहापूरचं रेल्वे स्टेशन आसनगावला, आणि मुरबाडला तर रेल्वे अजून पोचलेलीच नाही. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूच्या माणसाला तालुका जवळ केला तो एसटीने, त्यातही मुक्कामी गाडीने.

१ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्याआधी खासगी मोटारी होत्या, पण त्या चालत्या रस्त्यावरच धावायच्या. उतारू कमी, तिकडे कोण फिरकणार? १९६२ला जिल्हा परिषदा आल्या, १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कामं निघाली, रस्ते आतपर्यंत गेले आणि त्यांच्या मागोमाग ‘गाव तिथे एसटी’.

मुक्कामाची सोय आगाराच्या हिशेबातून आली. संध्याकाळी बाजारकरू आणि शाळेची पोरं घेऊन गाडी शेवटच्या गावाला पोचते. रात्री परतायचं तर रिकामी, पहाटे पुन्हा न्यायची तर तीही रिकामी. डिझेल जळणार, तिकीट एकही फाटणार नाही. त्यापेक्षा गाडी तिथेच राहू दे. स्वस्त विमान कंपन्याही रात्री विमान कुठे ठेवायचं ते पहाटेची फेरी बघूनच ठरवतात. २००३मध्ये एअर डेक्कन उडाली, तेव्हा एसटीला ही विद्या जुनी झाली होती.

आगाराचं डिझेल वाचलं, पण खरा लाभ गावाचा झाला. वाहक दिव्याखाली पैसे मोजून हिशेब जुळवतो, चालक मागच्या लांब बाकावर पथारी टाकतो, कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण येतं. पहाटे इंजिन घरघरलं की पाट्या डोक्यावर घेऊन बाया निघतात. पावसाळ्यात त्यांत रानभाजी असते. भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर, बायकांना मार्च २०२३पासून अर्धं, पंच्याहत्तरीपुढे प्रवास फुकट, बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत.

या सवलती पहिल्या गाडीवाचून कागदावरच राहतात. फेरीचं उत्पन्न तेवढं बघून मुक्काम काढला, की गाडी उन्हं वर आल्यावर येते. तोवर कॉलेजचा पहिला तास बुडालेला असतो आणि कल्याणच्या बाजारात भाजीचा भाव उतरलेला असतो. मुक्कामी गाडीचा तोटा मांडताना हे नुकसानही त्याच वहीत लिहायला हवं.