भाताची सोयरीक

१९४२ मध्यें जपाननें ब्रह्मदेश जिंकला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. पुढच्याच वर्षीं बंगालच्या दुष्काळांत लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. युद्धानंतर आशियांतील देशांना परस्परांची गरज उमगली. १९४९ मध्यें आंतरराष्ट्रीय भात आयोग स्थापन झाला. आपल्या उंच भाताचें रोप खत मिळतांच लोळे. जपानी वंशाचें ताठ उभें राही. म्हणून कटकच्या संशोधनसंस्थेंत दोहोंचा संकर करून तें बियाणें निरनिराळ्या देशांस दिलें गेलें. त्यांतून मलेशियांत निवडलेला 'मसुरी' वाण १९६५ मध्यें प्रसृत झाला व पुढें भारतांत परतला. आपल्या घरीं शिजणाऱ्या 'सोना मसुरी'चा तो एक पूर्वज होय. ज्यांच्या युद्धानें ताटांतला घास तुटला, त्यांच्याच भातवंशाशीं जुळलेली ही सोयरीक तांदूळ निवडतांना आठवावी.