कोणाच्या हातचा चहा? : महाराष्ट्रातील चहाविक्रीचा सामाजिक इतिहास

मराठीत ‘चहा’ पुल्लिंगी आहे, तर हिंदीतील ‘चाय’ स्त्रीलिंगी. दोन्ही रूपांचे मूळ एकाच चिनी शब्दात असले, तरी मराठीत हकारयुक्त रूप रूढ आहे. हे पेय पश्चिम किनाऱ्यावर अगदी नवखे नव्हते. १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासास निघालेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने तेथील वाणी लोक मसाले घालून चहा पितात, अशी नोंद केली आहे. तथापि तो व्यापारी नगरातील विशेष होता. १८३९ मध्ये आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला आणि पुढेही दीर्घकाळ येथील मळ्यांची दृष्टी परदेशी ग्राहकावरच होती.

महाराष्ट्रात चहाचा प्रश्न प्रथम गाजला तो चवीमुळे नव्हे, स्पर्शामुळे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्या. रानडे व टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध करविली. ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले व प्रायश्चित्ताचा वाद माजला. ‘हातचा’ हे साधे विशेषण त्या काळी केवढे सामाजिक ओझे वाहत होते, हे यावरून ध्यानी येते.

पुढील चहाविक्रेत्यांना याच प्रश्नातून वाट काढावी लागली. मुंबईत इराणी हॉटेलांनी चहा सार्वजनिक केला; तेथील मालक हिंदू जातिव्यवस्थेच्या बाहेरचा होता. पुण्यात १९२० च्या दशकापासून राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी ‘अमृततुल्य’ दुकाने थाटली. ब्राह्मणाच्या हातचा चहा घेण्यास कोणाचीच हरकत नसल्याने त्यांची जात व्यवसायास पोषक ठरली असावी. १९०३ च्या चहा-उपकराच्या कायद्यातून प्रचारास निधी मिळाला आणि १९३० च्या दशकात देशी बाजारपेठेसाठी जोराचा प्रचार झाला. त्याच सुमारास आसामात निघालेल्या सी. टी. सी. यंत्राची बारीक, कडक भुकटी स्वातंत्र्योत्तर काळात सर्वत्र पसरली. थोड्या भुकटीत पुष्कळ पेले होऊ लागले आणि रस्त्याकडेची टपरी परवडू लागली.

या व्यवसायाचे शिक्षण पोथीत सापडत नाही. नवा पोऱ्या प्रथम पेले विसळतो. मग किटली घेऊन कचेऱ्यांत व दुकानांत चहा पोचवितो आणि कोण रोख देतो, कोणाचे खाते आहे, हे ध्यानात ठेवतो. पुढे आले-वेलची कुटतो. स्टोव्हपाशी बसण्याचा मान शेवटी मिळतो. तेथे मापापेक्षा वेळेचे भान महत्त्वाचे. आले आधी पाण्यात उकळू द्यावे लागते, कारण कच्च्या आल्याने दूध नासण्याचा संभव असतो. चहा उतू जाऊ लागताच तो डावाने वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडावा लागतो. उकळी अधिक झाली की तुरटपणा उतरतो. अखेर फडक्यातून पिळून गाळण्यातही हाताचे वळण लागते. मराठीत ‘चहा टाक’ एवढ्या दोन शब्दांत ही सारी क्रिया सांगितली जाते. त्यामागील कसब मात्र त्यात दिसत नाही.

चहाचा पेला सर्वांसाठी सारखा होता, असे मात्र म्हणता येत नाही. अनेक गावांतील हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी असे आणि ती त्यांनाच विसळून ठेवावी लागे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशाचा भेद निषिद्ध केला. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तेथील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरविला. १८९० मध्ये वाद चहा देणाऱ्याच्या हाताविषयी होता. येथे तो घेणाऱ्याच्या हाताविषयी होता. कपबशीला कायद्याच्या कलमात स्थान मिळावे, यातच त्या अन्यायाची व्याप्ती दिसते.

विक्रेत्याचे स्वतःचे स्थानही असेच अस्थिर राहिले. पदपथावरील त्याची जागा पालिकेच्या मर्जीवर अवलंबून असे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिला प्रथमच देशव्यापी संरक्षणाची चौकट दिली. चौदा वर्षांखालील मुलांना चहाच्या दुकानांत कामास ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली आणि पोऱ्याचे ते जुने शिक्षण कायद्याच्या दृष्टीने तरी बालवयापुरते संपले. कसबाचा इतिहास लिहिताना ते कोणत्या वयात व कोणत्या किमतीस शिकले गेले, याची नोंद वगळता येत नाही. चहाच्या सार्वत्रिकतेचे श्रेय प्रचाराला व यंत्राला जसे आहे, तसेच ज्यांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत, त्या हातांनाही आहे.