पायी चालणाऱ्याचा कागद

4 जुलै 2023 च्या सकाळी मुंबई–आग्रा महामार्गावर, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ, मध्य प्रदेशातून धुळ्याकडे उतरणाऱ्या एका मालट्रकचे ब्रेक निकामी झाले. वाटेतल्या दुचाकी, एक मोटार आणि एक कंटेनर यांना धडकत तो बसथांब्याजवळच्या हॉटेलात घुसला आणि उलटला. किमान 10 माणसे गेली, 20 हून अधिक जखमी झाली. त्यांत एसटीची वाट पाहत थांब्यावर उभे असलेलेही होते.

अशा अपघातात ट्रकचे कागद असतात: नोंदणी, विमा, परमिट, तंदुरुस्तीचा दाखला. चालकाचा परवाना असतो. थांब्यावर उभ्या माणसाजवळ तो तिथे होता हे सांगणारे तिकीटसुद्धा नसते. त्याच्याबद्दल जे काही लिहिले जाते ते घटनेनंतर आणि दुसऱ्याच्या हाताने: फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. घरच्यांना भरपाई मागायची असेल तर एवढ्या कागदांतून ती सकाळ न्यायाधीशासमोर पुन्हा उभी करावी लागते. हे ओझे कोणी वाहायचे, याचे उत्तर कायद्याने वेळोवेळी वेगळे दिले आहे. कायद्यांचा मजकूर, विधी आयोगाचे अहवाल आणि छापील निकाल एकापुढे एक ठेवले की तो प्रवास बराचसा स्पष्ट दिसतो.

खानदेशात या प्रश्नाला धार आहे. आर्वी, धुळे, सोनगीर, नरडाणा, शिरपूर, पळासनेर ही आग्रा रोडची ओळ. पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ ही सुरत–नागपूर रस्त्याची. दोन्ही रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे निघालेले पदयात्री याच डांबरावरून चालतात. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, शाळेची पोरे, थांब्यावर उतरून पलीकडच्या वस्तीकडे निघालेली म्हातारी माणसे, सगळ्यांची वाट हीच. जळगावात तर महामार्ग शहराच्या पोटातूनच गेला. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली ओलांडल्याशिवाय रोजचा व्यवहार होत नाही, आणि समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांना आंदोलने करावी लागली.

या साखळीतला पहिला कागद मोटारीच्याही आधीचा आहे. 1855 चा तेरावा कायदा, म्हणजे प्राणघातक अपघातांचा कायदा. इंग्लंडमध्ये 1846 साली झालेल्या कायद्याच्या धर्तीवर तो इथे आला. मुंबई–ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्याच्या प्रस्तावनेतच कबुली आहे: दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या कुटुंबाच्या नुकसानीबद्दल कोर्टात दाद मागता येत नाही, म्हणून हा कायदा हवा. जखमी करणाऱ्यावर दावा चालत असे, ठार करणाऱ्यावर नाही. ती विसंगती 1855 ने दूर केली, पण अटी घालून. लाभ पत्नी, पती, आई-वडील आणि मुलांनाच. भावा-बहिणीचे नाव त्यात नाही. चूक सिद्ध करायची दावा करणाऱ्याने. दावा दिवाणी न्यायालयात, रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरून. पुढे 1908 च्या मुदतीच्या कायद्याने त्यासाठी एकच वर्ष दिले.

मोटारी आल्यावर 1914 आणि 1939 असे दोन कायदे झाले. 1939 च्या कायद्यातली तिसऱ्या पक्षाच्या विम्याची सक्ती 1 जुलै 1946 पासून अमलात आली. रस्त्यावरून चालणारा हाच तो तिसरा पक्ष. मालक आणि विमा कंपनी यांच्यातल्या करारात त्याची सही नसते, तरी त्या कराराचा पैसा त्याच्यापर्यंत पोचावा अशी ही सोय. माझ्या मते या सबंध इतिहासात याहून मोठे पाऊल कोणते नाही, कारण त्याआधी दावा जिंकूनही कफल्लक चालकाकडून किंवा गायब झालेल्या मालकाकडून हाती काय येणार होते?

1956 च्या दुरुस्तीने अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे आली आणि दिवाणी दाव्याचा लांबचा फेरा टळला. पण अर्ज करायला मुदत मिळाली 60 दिवसांची. हाड मोडलेला माणूस 60 दिवसांत प्लास्टरमधून बाहेर येत नाही. मेलेल्याच्या घरचे महिनाभर तर दिवसपाण्यातच असतात. 1969 च्या दुरुस्तीने ही मुदत सहा महिने केली.

तरी मूळ अट जागची हलली नव्हती. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करा. साक्षीदार कोण? रात्रीच्या रस्त्यावर दुसरा चालणारा नसतो, आणि असला तरी पोलीस ठाण्याची पायरी चढायला तो कचरतो. पंचनामा घडून गेल्यावर होतो. तोवर गाडी बाजूला घेतलेली असते आणि रक्तावर माती टाकलेली असते. मुंबई उच्च न्यायालयाने एका दाव्यात धाडसी भूमिका घेतली: सार्वजनिक रस्त्यावर वाहनाच्या वापरातून इजा झाली हेच भरपाईला पुरे, निष्काळजीपणाचा वेगळा पुरावा नको. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. प्रचलित कायद्यात चुकीच्या पुराव्याशिवाय दायित्व नाही, असे त्याने ठरवले. मात्र त्याच निकालातले एक सूत्र आजही कामाचे आहे. वाहनात बिघाड झाला म्हणून अपघात घडला, असे मालक म्हणत असेल तर तो बिघाड वाजवी काळजी घेऊनही कळण्यासारखा नव्हता हे त्यानेच सिद्ध करायचे. ‘ब्रेक फेल झाले’ एवढे वाक्य मालकाला सोडवत नाही.

उच्च न्यायालय जे निकालाने करू पाहत होते ते शेवटी संसदेला करावे लागले. विधी आयोगाने 1972 च्या 51व्या अहवालात ठोकरून पळून जाणाऱ्या वाहनांचा प्रश्न हाताळला होता आणि 1980 च्या 85व्या अहवालात भरपाईचे सगळे प्रकरणच तपासले. 1982 च्या दुरुस्ती विधेयकाच्या उद्देशपत्रात कारण सरळ दिले आहे: अनेक अपघातांत निष्काळजीपणाचा पुरेसा पुरावा मिळवणे कठीण जाते, आणि वाहन पळून गेले तर दावाच करता येत नाही. 1 ऑक्टोबर 1982 पासून कलम 92-अ आले. मृत्यूला 15,000 रुपये, कायमच्या अपंगत्वाला 7,500, चूक कोणाची हे न विचारता. मेलेल्या माणसाची स्वतःची चूक असली तरी ही रक्कम रोखता किंवा कापता येणार नाही, हेही कलमातच लिहिले. रक्कम तुटपुंजी होती, पण पुराव्याचे ओझे चालणाऱ्याच्या खांद्यावरून पहिल्यांदा उतरले ते इथे.

या कलमाची खरी परीक्षा सातारा जिल्ह्यात झाली. 29 ऑक्टोबर 1987, पहाटे तीनची वेळ. राष्ट्रीय महामार्ग 4 वर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि मालट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन उलटला, पेट्रोल झिरपू लागले. उजाडता उजाडता गावची माणसे चालत तिथे जमली. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला आणि जमलेल्यांपैकी कित्येक भाजले, काही मेले. एका मयताच्या आईने 75,000 रुपयांचा दावा केला आणि त्यात 92-अ चे 15,000 आधी मागितले. सातारच्या न्यायाधिकरणाने ते नाकारले. टक्कर तीनला झाली, स्फोट चार तासांनी. स्फोट हा स्वतंत्र प्रसंग आहे, वाहनाच्या वापरातून घडलेला अपघात नव्हे, असे त्याचे म्हणणे. उच्च न्यायालयाने ते फिरवले आणि मालक सर्वोच्च न्यायालयात गेला.

17 जुलै 1991 चा निकाल आजही वाचण्यासारखा आहे. वाहनाच्या ‘वापरामुळे घडलेला’ आणि वाहनाच्या ‘वापरातून उद्भवलेला’ यांत दुसऱ्याचा आवाका मोठा, आणि कायद्याने दुसराच घेतला आहे, असे न्यायालय म्हणाले. उलटून पडलेला, चालू न शकणारा टँकरही वापरातच असतो. टक्कर, गळती, स्फोट यांची साखळी तुटलेली नाही. आईचा हक्क मान्य झाला. मला या प्रकरणात थांबवते ती तारखांची बेरीज. 15,000 रुपयांच्या, तत्काळ आधार म्हणून ठरवलेल्या रकमेसाठी पावणेचार वर्षे आणि तीन पायऱ्यांची न्यायालये. दोषाचा प्रश्न कायद्याने काढून घेतला, तर वाद शब्दाच्या व्याप्तीवर सरकला.

उत्तर प्रदेशातला एक दावा चालणाऱ्याच्या थेट बाजूने पुढे गेला. 20 मार्च 1986 रोजी एका जीपचे टायर फुटले, जीप उलटली आणि रस्त्याने पायी चाललेला माणूस तिच्या तडाख्यात मेला. न्यायाधिकरणाने चालकाची चूक सिद्ध नाही म्हणून दोषनिरपेक्ष रकमेपलीकडे काही दिले नाही. जानेवारी 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1868 च्या एका इंग्रजी निकालाचा आधार घेतला. तिथे गिरणीमालकाने बांधलेल्या तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले होते: धोक्याची वस्तू बाळगणाऱ्याने तिच्यापासून झालेले नुकसान भरून द्यावे. मोटारीलाही तेच लागू आहे, असे ठरले. 2009 मध्ये आणखी एका निकालाने सांगितले की अपघात दाव्यात फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा मागू नये. काय घडले असणे जास्त संभवते ते पाहावे. फिर्याद आणि पंचनामा एवढ्यावर उभ्या असलेल्या दाव्याला यातूनच श्वास मिळाला.

मग प्रश्न उरतो तो मिळकतीचा. केळीच्या बागेत घड वाहणाऱ्याकडे किंवा कापूस वेचणारीकडे पगारपत्रक कुठून असणार? 2011 मध्ये एका हमालाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याने सांगितलेली महिन्याची 4,500 रुपयांची मिळकत कागदाशिवाय मान्य केली; मजुराकडे कागद मागणे वास्तवाला धरून नाही, हा त्यामागचा विचार. 2009 च्याच दुसऱ्या एका निकालातल्या कोष्टकाने वयानुसार गुणक ठरवले आणि 2017 च्या घटनापीठाने भावी वाढीची टक्केवारी. समजा 38 वर्षांचा मजूर गेला, मिळकत महिना 9,000 धरली आणि घरात अवलंबून चार माणसे. 40 टक्के भावी वाढ धरून 12,600, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता 9,450, वर्षाचे 1,13,400, या वयाचा गुणक 15. एकूण 17,01,000, त्यावर अंत्यविधी वगैरेच्या ठरीव रकमा. विमा कंपनीचा वकील नेमका इथेच म्हणतो की मयताने रस्ता अचानक ओलांडला. ते मान्य झाले तर टक्क्यांनी कपात होते. म्हणून पंचनाम्यातले एक साधे वाक्य, देह साइडपट्टीवर होता की रस्त्याच्या मध्यभागी, लाखांचे ठरते.

14 नोव्हेंबर 1994 पासून लागू झालेल्या दुरुस्तीचा खानदेशाला विशेष उपयोग झाला. तोवर दावा अपघात जिथे घडला तिथेच. धुळे-नंदुरबारची किती माणसे कामासाठी सुरतेला असतात! उधना किंवा लिंबायतच्या रस्त्यावर मोटारीने उडवलेल्याच्या बायकोने तारखांना सुरतेला खेपा घालायच्या, ही परिस्थिती या दुरुस्तीने संपली. ती राहते तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येऊ लागला. धुळे, जळगावच्या अपिलांची वाट तर औरंगाबाद खंडपीठामुळे आधीच जवळ आली होती. याच दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदतही काढली. 2019 च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून ती लागू झाली. म्हणजे कायद्याच्या मजकुराप्रमाणे पळासनेरच्या मयतांच्या वारसांना जानेवारी 2024 च्या सुरुवातीपर्यंतचाच वेळ होता. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. शोकात असलेल्या, कागद जमवू न शकणाऱ्या घरांवर ती अन्याय करते असे मला ठामपणे वाटते. त्याच 2022 पासून पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा नियम आला, आणि दोषनिरपेक्ष भरपाई मृत्यूला 5 लाख, गंभीर जखमेला अडीच लाख झाली.

वाहन सापडलेच नाही तर? 1982 मध्ये ठोकरून पळालेल्या वाहनामुळे झालेल्या मृत्यूला 5,000 रुपये मिळत. 1994 पासून 25,000. 1 एप्रिल 2022 पासून 2 लाख, गंभीर जखमेला 50,000. यासाठी कोर्टात जावे लागत नाही, वकील लागत नाही. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. आणि तरी सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला हिशेब असा: 2022 साली देशात असे 67,387 अपघात, आणि 2022–23 या आर्थिक वर्षात आलेले अर्ज 205, त्यांतले निकाली निघाले 95. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने 12 जानेवारी 2024 रोजी आदेश दिला की अपघाताची नोंद झाल्यापासून महिनाभरात वाहनाचा पत्ता लागला नाही, तर पोलीस ठाण्याने जखमीला किंवा मयताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी आणि अधिकाऱ्याचा संपर्क त्यात कळवावा. ते पत्र शिरपूर, पारोळा, एरंडोल किंवा भुसावळच्या ठाण्यातून आले नसेल, तर वारसांनी फिर्यादीची प्रत घेऊन ते मागावे, आणि त्याची वाट न पाहता तहसील कचेरीत अर्जही द्यावा.