खिळे जुळवणारी पेठ

आजोबा नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. केसरीवाडा हाकेच्या अंतरावर. १८८१ साली ‘केसरी’ निघाला तेव्हा टिळक-आगरकरांनी टाइपाच्या पेट्या स्वतः वाहिल्या, ही गोष्ट ते फार अभिमानाने सांगत. केसच्या घरांत धूळ साचली की फुंकर मारायची आणि काना, मात्रा, वेलांटी उचलून ओळ जुळवायच्या स्टिकमध्ये बसवायची. ती धूळ शिशाची होती. टाइपाचा खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. खिळे झिजले की वितळवून पुन्हा ओतायचे.

१२ जुलै १९६१ला फुटलेल्या पानशेत धरणाचं पाणी पेठेत शिरलं. चिखलात विखुरलेले खिळे पोरांनी वेचले, असं आत्या सांगायची. हात धुवायला पाणी कुठलं? तसेच जेवायला बसलो, म्हणायची.

आजोबांच्या हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती. घरचे ती मशेरीची समजत. पोटात कळा आल्या की गूळ खायचा, तो शिशावरचा उतारा, अशी समजूत होती. पुढे मनगट लुळं पडलं, स्टिक धरवेना. या साऱ्या शिशाच्या विषबाधेच्या खुणा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. १९४८च्या फॅक्टरी कायद्यात सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत ही विषबाधा पहिली होती. पण यंत्र विजेवर चालत असलं तरी दहा कामगार असल्याशिवाय कायदा लागू नव्हता, आणि आजोबांच्या छापखान्यात माणसं चार-पाच.

त्यांच्या जोडीचे एक जुळारी पोटाच्या कर्करोगाने गेले. कारण शिसंच होतं, असं एका माणसाबद्दल कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००६ साली शिशाची असेंद्रिय संयुगं ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली, आणि त्यात पोटाच्या कर्करोगाचा पुरावा मुख्य होता. शिसं हाडांत वर्षानुवर्षं मुरून राहतं. कामगाराच्या कपड्यांवरून ते घरी येतं, रांगत्या पोराच्या तोंडात जातं. पोरांच्या मेंदूला तर त्याची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही.

ऑफसेट आलं, खिळे किलोवर भंगारात गेले. पेठ सुटली, शिसं सुटलं नाही. आज ते जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्या भट्टीत वितळवणाऱ्यांच्या वस्त्यांत आहे. म्हणून सांगते, इन्व्हर्टरची, गाडीची जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. विक्रेत्याकडे परत करा, पावती मागा. आणि घरात कुणी जुना जुळारी असेल, तर त्याचा आजार डॉक्टरांना सांगताना त्याचा धंदाही सांगा.